एसी बंद ठेवणारे सर

ज्या देशात भाजीवाला कोथिंबिरीबरोबर गिऱ्हाइकालाही गार ठेवतो, त्या देशात मी सलग तीन उन्हाळे घामाने निथळत काढले. याला एकटे सर जबाबदार आहेत. लोक विचारतात, "शारजात इतकी वर्षं राहिलात, तो उकाडा सोसलात कसा?" खरं सांगायचं तर तिथे उकाडा सोसावा लागतच नाही. घर गार, गाडी गार, दुकान गार. उकाडा होता तो फक्त आमच्या प्रयोगशाळेत, कारण तिथला एसी सर स्वतःच्या हाताने बंद करायचे आणि वर रिमोट खिशात टाकायचे.

ही नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांतली हकीकत. माझे यजमान जबल अलीला एका शिपिंग कंपनीत होते, मुलं शाळेत जायला लागली होती आणि मी पुण्याहून फिजिक्सची एम.एस्सी. करून शारजाच्या फ्लॅटमध्ये मटार सोलत बसले होते. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, की विद्यापीठात एक मराठी प्रोफेसर आहेत, त्यांना असिस्टंट हवी आहे, पण तिथे कुणी टिकत नाही. मी म्हटलं, का टिकत नाही? त्या म्हणाल्या, "जाऊन बघ आणि मलाही सांग."

गेले. सर पन्नाशीचे होते, उंच आणि इतके सडपातळ, की शर्ट अजून हँगरवरच आहे असं वाटावं. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले, शिकायला मुंबईत आलेले, तिथून परदेशात गेलेले आणि मग इथे. मुलाखतीत त्यांनी मला फिजिक्समधलं अक्षरही विचारलं नाही. एक लेन्स दिली, एक पातळ कागद दिला आणि म्हणाले, "पूस." मी पुसली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "परत पूस." हे जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. शेवटी म्हणाले, "उद्यापासून ये, बाय. आणि लेन्सवर तोंडाने फुंकर मारायची असेल तर उद्यापासून येऊ नको." मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, की नोकरी मिळाली आहे की नाही ते नक्की कळलं नाही.

खूश असले की मी 'बाय' असायची, चिडले की 'मॅडम'. त्या तीन वर्षांत मी बहुतेक वेळ मॅडमच होते.

काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय माझा वैताग कळायचा नाही. अतिशय खारट पाण्यात राहणारा एक सूक्ष्म जीव असतो. त्याच्या पेशीच्या पातळ आवरणात एक जांभळं प्रोटीन असतं. त्याच्यावर उजेड पडला की ते जरासं मुरडतं, आवरणातून एक प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि पुन्हा होतं तसं होऊन पुढच्या उजेडाची वाट बघत बसतं. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. मात्र प्रत्येक टप्प्यावर त्याचा रंग थोडा बदलतो, आणि आम्ही तो रंग पकडायचो. काचेच्या लहानशा चौकोनी नळीत जांभळं पाणी भरायचं, त्याच्यावर लेसरचा एक हिरवा झोत मारायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका दिव्याचा स्थिर उजेड त्यातून आरपार सोडायचा. पलीकडे किती उजेड पोचला ते एक यंत्र टिपायचं आणि पडद्यावर रेष उमटायची. रेष जितकी झटकन खाली येईल तितकं प्रोटीन चपळ. एका झोताची रेष फार केसाळ येते, म्हणून असे शेकडो झोत मारायचे आणि त्यांची सरासरी काढायची. बस, एवढंच.

आता एवढ्याशा कामात एक माणूस दुसऱ्याला किती छळू शकतो, हे मला सरांनी दाखवलं. एसी चालला की जमीन थरथरते, जमीन थरथरली की टेबल थरथरतं, टेबल थरथरलं की आरसा हलतो आणि रेषेला लाटा येतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण त्यावर दुसरे उपाय असतात, टेबलाखाली रबर घालता येतं, हवेवर तरंगणारी टेबलं मिळतात. सरांना हे सगळे उपाय माहीत होते आणि एकही पसंत नव्हता. "थरथर रोखायची कशाला? थरथर करूच नको ना." मोजायला बसायच्या आधी एसी बंद, पंखा बंद, दार बंद. नळीभोवती गार पाणी फिरवणारा एक छोटा पंप होता, तोही घुं घुं करतो म्हणून बंद. मोजणी चालू असताना मी चालायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, खोकला आला तर आधी सांगायचं. खोकला आधी कसा सांगायचा, हे मला अजून समजलेलं नाही.

बांगड्यांवरून तर माझ्या घरात महाभारत झालं. लेसर चालू असताना हातात काही चमकणारं नको, झोत त्याच्यावरून उडून कुणाच्या तरी डोळ्यात जाईल, हा नियम बरोबर होता, मला तो मान्य होता. पण सरांना मधला मार्ग ठाऊक नाही. नेमक्या माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आलेल्या, आणि सरांनी घरी फोन करून त्यांनाच सांगितलं, "सुनेच्या हातातलं सगळं काढून ठेवा, आंधळी व्हायची आहे का ती?" सासूबाई परत जाईपर्यंत मला संध्याकाळी दारातच मोकळे हात पुढे करून दाखवायला लागायचे.

आणि त्यांचं घड्याळ. इथली वेळ भारताच्या दीड तास मागे. सरांचं घड्याळ कायम भारताच्या वेळेवर. का, तर गावी आई आहे, तिची जेवायची वेळ कळते. प्रेम समजू शकते. पण मग डीनची मीटिंग चारला असली की हे अडीचलाच जाऊन दाराबाहेर बसायचे आणि चारला सगळे आले की त्यांना उशिराबद्दल सुनवायचे. सेकंदाचे लाख तुकडे करणारा हा माणूस दीड तास वजा करायला तयार नव्हता. मी एकदा सुचवलं, दोन घड्याळं वापरा. म्हणाले, "मग खरं कुठलं समजायचं, मॅडम?"

घाई केलेली त्यांना चालायची नाही. "घाई प्रोटीनला आहे, आपल्याला नाही," हे तर दिवसातून दोनदा. एकदा मोजलेलं ते मोजलेलं धरतच नसत. आज आलेली रेष उद्या पुन्हा आली पाहिजे, परवा पुन्हा आली पाहिजे, आणि मग सर कपाळाला आठ्या घालून म्हणत, "ठीक वाटतंय. पुढच्या आठवड्यात एकदा बघू." मी घरी आले की यजमान विचारायचे, "आज काय केलंस?" मी सांगायची, "काल केलं ते." ते म्हणायचे, "मग काल काय केलं होतंस?" या थट्टेवर मी पहिलं वर्ष हसले.

सरांचं एक स्वप्न होतं. जगभरातले लोक या कामासाठी परदेशातून मागवलेला एकच जीव वापरायचे, पिढ्यान्पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेला. सरांना तो आवडायचा नाही. "तो बाटलीत जन्मला, बाटलीत मरणार. त्याने ऊन पाहिलंय कधी?" त्यांना इथला जीव हवा होता, इथल्या उन्हातला. म्हणून एका हिवाळ्यात, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, आमची दोन्ही कुटुंबं उम्म अल कुवैनच्या पुढे किनाऱ्यालगतच्या खारट दलदलीत पिकनिकला गेली. पिकनिक हा शब्द सरांचा. तिथे झाड नाही, सावली नाही, वरून पांढरी खपली आणि खाली चिखल. एका डबक्यातलं पाणी मात्र गुलाबी होतं. सर पँट गुडघ्यापर्यंत वर करून त्यात शिरले आणि आम्हाला विसरले.

माझ्या मुलाने दहा मिनिटांनी विचारलं, "मम्मा, इज धिस द होल पिकनिक?" भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, डब्यातून घावन आणि खिमा काढला आणि म्हणाल्या, "लग्नानंतर मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते मिठागरात. तुम्ही सुखी आहात." त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. गाडीच्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती आणि बापाकडे अधूनमधून अशी बघत होती, जशी आपण दूध उतू जाणार नाही ना म्हणून बघतो. निघताना आमची गाडी खपली फोडून चिखलात बसली. यजमान आणि मी ढकलतोय, भाभी ढकलताहेत, आणि सर गुलाबी पाण्याच्या बाटल्या छातीशी धरून उभे. "मी ढकललं असतं," म्हणाले, "पण हे हिंदकळेल." शेवटी लँडक्रूझर घेऊन एक स्थानिक गृहस्थ आले, दोर बांधला, "यल्ला, यल्ला" म्हणत आम्हाला बाहेर ओढलं आणि बाटल्यांकडे बघून काही न विचारता निघून गेले. परत येताना यजमानांनी पूर्ण रस्ताभर रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

त्या बाटल्यांतून सरांनी खरोखरच जांभळा जीव वाढवला. त्याला वर्षाहून जास्त लागलं. कधी मेला, कधी दुसराच काहीतरी वाढला, लॅबमध्ये जुन्या लोणच्यासारखा वास भरून राहिला. पण माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, आमच्याकडे त्याचं शुद्ध जांभळं आवरण तयार होतं, आणि सर त्या नळीला 'आपला' म्हणायला लागले होते. परदेशी तो 'त्यांचा'. 'त्यांचा' आम्ही जानेवारीत, नवं यंत्र बसवल्यावर, पहिल्यापासून मोजून ठेवला होता, जुन्या रेषा सरांनी बाद केल्या होत्या, तो साठा संपला होता, नवा मागवलेला होता. 'आपला' मोजायला सुरुवात केली जूनमध्ये.

आणि 'आपला' धावला. रेष 'त्यांच्या'पेक्षा सरळसरळ लवकर खाली आली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. सरांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे सगळा जुलै तेच मोजायला लावलं आणि रोज तीच रेष आली. ते मला चक्क सलग तीन आठवडे 'बाय' म्हणत होते. एके दिवशी खजूर घेऊन आले, सगळ्या मजल्यावर वाटले. "बघ बाय, उन्हातला आहे तो. बाटलीतल्याला हे कसं जमणार?"

या आनंदामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला भाभींकडून कळली. सरांचा करार डिसेंबरला संपत होता. नोव्हेंबरात बाहेरच्या तीन तज्ज्ञांची कमिटी येऊन कुठल्या लॅब ठेवायच्या आणि कुठल्या बंद करायच्या ते ठरवणार होती. डीन सरांना स्पष्ट म्हणाले होते, की काहीतरी नवं दाखवा, नाहीतर माझ्या हातात काही नाही. आणि मुलगी त्या वर्षी बारावीत होती, परीक्षा मार्चमध्ये. गल्फमध्ये नोकरी गेली की व्हिसा जातो, बापाचा गेला की बायकामुलांचा जातो. डिसेंबरात निघायला लागलं तर त्या पोरीचं वर्ष बुडणार होतं. हुशार होती, डॉक्टर व्हायचं होतं. भाभी म्हणाल्या, "मार्च गाठला की झालं. मग यांनी मला परत मिठागरात नेलं तरी चालेल."

मला एका गोष्टीची शंका येत होती. जुलैमध्येच मी म्हटलं होतं, "सर, एसी बंद केल्यावर नळी तापत नाही का? गरम झालं की प्रोटीन चपळ होणारच." नळी बसवायला सरांनी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ट्रकचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधून पितळेचा जाड ठोकळा करून घेतला होता, त्याचा त्यांना फार अभिमान. म्हणाले, "पितळ आहे ते, बाय. एवढं तापायला अख्खी दुपार लागते." मी म्हटलं, "आपण दुपारीच मोजतो, सर." त्यांनी ऐकलं नाही. तापमान ते सकाळी आल्या आल्या बघत, एसी चालू असताना. ते दिवसाचं तापमान म्हणून लिहिलं जाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांचे 'बाय'चे दिवस चालू होते, म्हटलं, जाऊ दे.

ऑक्टोबरात 'त्यांचा' नवा साठा कुरियरने आला. त्या दिवशी सर मुलीच्या शाळेत पालक सभेला गेले होते. जाताना सांगून गेले, "नळी नुसती लावून ठेव. हात लावू नको." मी नळी लावली. मग एसी बंद केला, पंप बंद केला, दार बंद केलं, सगळं सरांच्या शिस्तीत, आणि मोजायला बसले. ऑक्टोबर तिकडे आपल्या मे महिन्यासारखाच. बाहीने कपाळ पुसत मी झोत मारत राहिले आणि सरासरी काढली. 'त्यांचा' बाटलीतला जीवही 'आपल्या'सारखाच धावला होता. तीच रेष. मी पितळेच्या ठोकळ्याला हात लावला. नुकतीच आमटी काढून घेतलेल्या पातेल्याइतका तो कोमट होता.

मग मी एसी लावला, पंप लावला, खोली गार होईपर्यंत बाहेर जाऊन चहा प्यायले आणि दोन्ही नळ्या एकामागून एक मोजल्या. लाटा आल्या, रेष जरा थरथरली, पण दिसायचं ते स्वच्छ दिसलं. दोघेही सारखेच सावकाश. जानेवारीत 'त्यांचा' मोजला तेव्हा थंडीमुळे एसी बंद ठेवूनही खोली गार होती. 'आपला' मोजला तो भर उन्हाळ्यात, बंद खोलीत. आम्ही जिवांची चपळाई मोजलीच नव्हती, आम्ही दोन ऋतू मोजले होते. आणि सर, जे एक गोष्ट दहा वेळा मोजायला लावायचे, त्यांनी दहाही वेळा एकच चूक इमानेइतबारे मोजली होती.

मला आधी राग आला. एवढ्या वर्षांच्या घामाचा राग. आणि मग एकदम त्या पोरीचं पुस्तक आठवलं आणि तिची मार्चची परीक्षा.

सर आले ते खुशीत. हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. "फिजिक्समध्ये वर्गात पहिली आहे, बाय. टीचर म्हणाल्या, मार्चमध्ये नाव काढणार. आणि तू एसी लावलास?"

मी म्हटलं, "लावला. सर, बसा. 'त्यांचा' पण तसाच धावतो."

"कोण सांगतं?"

"मी मोजला. आधी एसी बंद करून, मग चालू करून. ठोकळा तापतो, सर. दोघे सारखेच आहेत."

मला वाटलं आता मॅडम, मॅडम सुरू होणार. पण त्यांनी वेफर्सची पिशवी लेन्सच्या कपाटावर ठेवली, जिथे मी साधा रुमालही ठेवला असता तर त्यांनी मला हाकललं असतं. पितळेवर तळहात ठेवून पाहिला. ठोकळा तेव्हा गारच होता. मग म्हणाले, "बंद कर. परत मोज." आम्ही संध्याकाळपर्यंत मोजलं. बंद करून, चालू करून, पुन्हा बंद करून. त्यांनी स्वतः थर्मामीटरची तार ठोकळ्यात घातली. प्रत्येक वेळी तेच आलं. निघताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." तीन वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

पुढचे दिवस मी त्यांना समजावण्यात घालवले. मी काही त्यांना खोटं बोला म्हणत नव्हते. "सर, नुसतं सांगा, की इथल्या दलदलीतून हा जीव मिळवला आणि त्यावर काम चालू आहे. चपळाईचं बोलूच नका. खोटं कुठे आहे त्यात?" ते म्हणायचे, "डीनना मी खजूर देऊन सांगितलंय, बाय." मी म्हणायची, "डीन विसरले असतील." ते म्हणायचे, "मी कुठे विसरलोय?" शेवटी एके दिवशी कंटाळून म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." मला हायसं वाटलं. तिकडे इतकी वर्षं काढल्यावर माणसाला कळतं, की इन्शाल्लामध्ये बरीच जागा असते. त्या जागेत एक मुलगी मार्चपर्यंत सहज बसली असती.

कमिटीच्या दिवशी ते अर्थातच दीड तास आधी जाऊन बसले. प्रोजेक्टरवर त्यांनी पहिली पारदर्शिका ठेवली, 'त्यांची' आणि 'आपली' रेष, 'आपली' दिमाखात पुढे. तिघेही तज्ज्ञ पुढे सरकले. डीननी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मनात म्हटलं, आता पुढचं चित्र लाव, दलदलीचं, बाटल्यांचं. सरांनी पुढची पारदर्शिका घेतली आणि पहिलीच्याच वर ठेवली. त्यात दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या. आणि त्यांच्या त्या रत्नागिरीच्या इंग्रजीत म्हणाले, "जंटलमेन, खालची चूक आहे. वरची बरोबर. मी उन्हाळ्यात एसी बंद ठेवत होतो. हे या मॅडमनी शोधून काढलं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांतल्या एकाने सभ्यपणे विचारलं, "मग प्रोफेसर, यात नवीन काय आहे?" अहो, चांगला माणूस होता तो, दार उघडं करून देत होता. नवा जीव आहे, नव्या जागचा आहे, काहीही म्हणता आलं असतं. सरांनी खराखुरा विचार केला. मग म्हणाले, "नथिंग." आणि खाली बसले.

पत्र आठवड्यात आलं. करार वाढवणार नाही, लॅब बंद, उपकरणं इंजिनिअरिंगकडे. डीन मला जिन्यात भेटले, खांदे उडवून म्हणाले, "खलास. ही इज ए व्हेरी ऑनेस्ट मॅन." मला त्या वाक्याची इतकी चीड आली, की मी जेमतेम मान हलवली. ऑनेस्ट माणसाचं कौतुक करायला डीनचं काय जात होतं? वर्ष त्या पोरीचं जाणार होतं. मी यजमानांपुढे रडले. म्हटलं, या माणसाला कुणी हक्क दिला, की स्वतःचा एसी बंद ठेवायचा आणि घाम दुसऱ्याने गाळायचा?

डिसेंबरात सामान बांधायला मदत म्हणून मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. सर घरी नव्हते, लॅबमध्ये होते. उपकरणं हलवायच्या आत दोन्ही नळ्या अजून एकदा मोजून घेतो, म्हणाले होते. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि भाभींनी विचारलं नाही. भाभी स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मुलगी हॉलमध्ये जमिनीवर बसून आपली पुस्तकं खोक्यात भरत होती. गावी जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा बारावीला बसायचं, असं ठरलं होतं.

मी तिच्याजवळ बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून मनात होतं तेच बोलले. "तुझ्या अब्बांनी निदान तुला तरी विचारायला हवं होतं."

"ही आस्क्ड मी, आंटी," ती म्हणाली. "मीटिंगच्या आदल्या दिवशी. सगळं एक्स्प्लेन केलं, ग्राफ पण दाखवले. म्हणाले, सांगू का त्यांना? आय सेड नो."

"मग?"

"ही सेड थँक यू. मग अम्मीला विचारलं. शी ऑलसो सेड नो." ती एक पुस्तक खोक्यात बसेना म्हणून आडवं करून पाहत होती. "मग ते रात्री जेवले आणि झोपले. अँड नेक्स्ट डे ही वेंट अँड टोल्ड देम."

मला हसू आलं, इतका संताप आला की हसूच आलं. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते मनगटाने पुसले, खोक्याची झाकणं जुळवली आणि टेपचं टोक नखाने शोधायला लागली. मग माझ्याकडे न बघता, बापाच्याच बारीक चिकाटीच्या आवाजात तिने विचारलं, "आंटी, पण ते त्या दिवशी शाळेत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. तुम्ही का सांगितलंत त्यांना?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते तोंडातून काढलं असतं तर शब्द न् शब्द सरांसारखं निघालं असतं. म्हणून मी खोकं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं, आणि तिने त्याच्यावर टेप लावली.